रीड स्विच दुप्पट का मोजतोय? आधी हातानं फिरवून बघ

तुझं म्हणणं मला कळलं तसं आधी लिहितो, चुकलं असलं तर सांग. निपाणीकडं तुमचं गुऱ्हाळ आहे. चरकाच्या मोटरच्या आठ इंची पुलीवर तू बटणासारखा गोल मॅग्नेट चिकटवलास, समोर काचेचा रीड स्विच (मॅग्नेट जवळ आला की आपोआप लागणारा) लावलास आणि वायर ईएसपी३२ ला, म्हणजे मोजणाऱ्या कंट्रोलर बोर्डाला, नेलीस. हातानं पुली फिरवली की एका फेऱ्याला दोन मोजालंय, आणि मोटर चालू केली की प्लेटवर १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेलं असताना स्क्रीनवर ७२० दिसालंय. वाइंडिंगवाला म्हणाला मोटर मंद झालीय, परत भरून घ्या, आणि वडील आता ती उतरवायला निघालेत. दुसरं म्हणजे बोअरच्या दोन इंची लाइनवर पल्सवाला पाण्याचा मीटर आहे, १० लिटरला एक पल्स, तो रात्री पंप बंद असताना पण मोजत बसतो.

पहिलं काम, वडिलांना थांबव. मोटरला काही झालेलं नाही. चार पोलची मोटर लोडवर खरंच ७२० ला आली असती तर तिनं एवढा करंट ओढला असता की ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर बंद करणारा) कधीच पडला असता, आणि नसता पडला तर वास तुमच्या शेजारच्या गुऱ्हाळापर्यंत गेला असता. मोटर १४४० च्याच आसपास फिरतेय, मोजणारा अर्धं सांगालाय. आणि तोच मोजणारा सावकाश फिरवल्यावर दुप्पट सांगतो, म्हणजे दोन वेगळ्या चुका एकावर एक बसल्यात. कोडमध्ये तू एक पल्स मोजली की पुढं ५० मिलिसेकंद कुठलीच पल्स घ्यायची नाही असं लिहिलंयस, बरोबर ना? तिथंच एक चूक आहे. दुसरी चूक मॅग्नेटच्या आणि रीडच्या तोंडात आहे, ती आधी सांगतो, कारण शंभरातली ऐंशी भांडणं तिथलीच असतात आणि पोरं मात्र रात्र रात्र कोड बदलत बसतात.

रीड स्विचमध्ये आत काय असतं तर काचेच्या नळीत निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकांवर थोडी आलेली, मध्ये केसाएवढी फट, टोकं हवेनं खराब होऊ नयेत म्हणून आत बहुतेक वेळा नायट्रोजन भरलेला आणि टोकांना रोडियम नाहीतर रुथेनियमसारख्या कडक धातूचा मुलामा. १९३६ साली बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवूड यांनी तो काढला, टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी. रीड हे नाव पेटीतल्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पट्टीचंच आहे, आणि आपल्या बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकलेल्या माणसाला लवलवणारी पट्टी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मुद्दा असा की ही पट्टी मॅग्नेट 'बघत' नाही. चुंबकीय क्षेत्र पट्टीच्या लांबीच्या दिशेनं गेलं पाहिजे, तेव्हा एका पट्टीचं टोक उत्तर होतं, दुसरीचं दक्षिण, आणि ती दोघं एकमेकांना चिकटतात. क्षेत्र आडवं गेलं तर कितीही जोराचा मॅग्नेट आण, स्विच सुम्ने, म्हणजे नुसता, बसून राहतो.

आता तुझी मांडणी बघ. बटण मॅग्नेटचे ध्रुव त्याच्या चपट्या तोंडांवर असतात, एक वर एक खाली. तो पुलीवर चपटा चिकटवल्यावर एक ध्रुव सरळ रीडकडं तोंड करून आला. आणि रीड तू लावलायस पुलीच्या कडेच्या दिशेनं, म्हणजे मॅग्नेट काचेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत जातो. पहिल्या टोकाखाली आला की क्षेत्र लांबीच्या दिशेनं एकीकडं जातं, स्विच लागतो. बरोबर मध्यावर आला की दोन्ही अंगांना सारखंच उलटं ओढतंय, मध्ये शून्य, स्विच सुटतो. दुसऱ्या टोकाखाली गेला की परत लागतो. एक मॅग्नेट, दोन टिक. रीडचं यात काही चुकत नाही, त्याला जे मिळतं ते तो मोजतो. (बार मॅग्नेट रीडला समांतर ठेवून लांबीच्या दिशेनं सरकवला तर जवळून तीन टिक पण मिळतात, मध्ये एक मोठी आणि दोन्ही बाजूंना दोन बारक्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं स्विचच खराब आहे.)

आता आकडे जुळवून बघ, मजा आहे. आठ इंची पुलीचा घेर साधारण ६४० मिलिमीटर. त्या दोन टिकांमध्ये समज १५ मिलिमीटरचं अंतर आहे. हातानं मिनिटाला १० फेरे या वेगानं फिरवलंस तर एका फेऱ्याला ६ सेकंद, दोन टिकांमध्ये साधारण १४० मिलिसेकंद, तुझे ५० केव्हाच संपले, दोन्ही मोजल्या गेल्या, दुप्पट. २८ आरपीएमच्या वर गेलं की दुसरी टिक ५० मिलिसेकंदांच्या आत पडते, कोड ती खातो आणि आकडा बरोबर दिसायला लागतो. १२०० च्या वर गेलं की पुढचा अख्खा फेराच ५० मिलिसेकंदांच्या आत येतो, १४४० ला एक फेरा ४१.७ मिलिसेकंदांचा, म्हणजे एक फेरा मोजला, एक खाल्ला, एक मोजला, एक खाल्ला. १४४० चे ७२०. म्हणजे २८ ते १२०० च्या मध्ये कुठं टेस्ट केली असतीस तर सगळं झकास म्हणून तू पेटी बंद करून मोकळा झाला असतास, म्हणून हे आत्ता सापडलं ते बरंच झालं.

करायचं काय? रीड ९० अंशात वळव. काच पुलीच्या शाफ्टला समांतर येऊ दे, म्हणजे मॅग्नेट काचेला आडवा कापत जाईल. पण बटण मॅग्नेट असल्यामुळं बरोबर मध्यावरून नेऊ नको, तिथं शून्य आहे, काहीच लागणार नाही किंवा मधेच लागेल मधेच नाही. काच बाजूला सरकव, तिचं एक टोक मॅग्नेटच्या वाटेवर आण. एका फेऱ्याला एक टिक. दुसरा उपाय बार मॅग्नेट शाफ्टला समांतर, रीडपण समांतर, मध्यासमोर मध्य. ही सगळ्यात खात्रीची मांडणी, पण तुझी पुली बिडाची आहे आणि बार मॅग्नेट बिडावर आडवा झोपवलास की त्याचं बरंच बळ बीडच पिऊन टाकतं. मध्ये नायलॉनचा नाहीतर ॲल्युमिनियमचा १०-१२ मिलिमीटरचा ठोकळा घालावा लागेल. बटण मॅग्नेटला ही अडचण नाही, तो उभा ध्रुव असल्यामुळं मागं बीड असलं तरी चालतं.

आणि नुसता गम लावून ठेवू नको बाबा. १४४० ला आठ इंची पुलीच्या कडेला त्या मॅग्नेटवर स्वतःच्या वजनाच्या सव्वादोनशे पटीपेक्षा जास्त ओढ असते, आणि तो सुटला तर कुठं जाईल याचा नेम नाही, चरकासमोर माणसं असतात. मध्ये भोक असलेले मॅग्नेट मिळतात, ते पितळी स्क्रूनं बसव, आणि समोरच्या बाजूला दुसरा तसाच बसव, तोल राहतो. मग दोन पल्सचा एक फेरा धर.

बसवल्यावर वायर कंट्रोलरला जोडायच्या आधी एक काम कर, हे मी आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोराला करायला लावायचो. मेन स्विच काढ, मल्टिमीटर बीपवर लाव, दोन्ही टोकं रीडला, आणि पुली हातानं एकदम सावकाश फिरव, घड्याळाचा काटा फिरल्यासारखी. किती बीप होतात मोज. बीप लागला तिथं पुलीवर खडूनं रेघ मार, सुटला तिथं दुसरी रेघ. मग उलटं फिरव आणि परत बघ. लागायला जेवढं क्षेत्र लागतं त्यापेक्षा सुटायला बरंच कमी व्हावं लागतं, म्हणून दोन्हीकडच्या रेघा जुळणार नाहीत, ते बरोबरच आहे. पण एका मॅग्नेटला दोन बीप आले किंवा बीप अर्ध्या पुलीभर लांबला तर गॅप नाहीतर कोन बदल. गॅपचं पण तसंच, स्विच लागणं जेमतेम सुरू होतं ते अंतर शोध आणि त्याच्या साधारण निम्म्यावर आणून आवळ. जेमतेमवर ठेवलंस तर बेअरिंग थोडं ढिलं झालं की पल्स गळायला लागतात, आणि अगदी चिकटवलंस तर बाजूची क्षेत्रं पण स्विच ओढतात. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे.

मग कोड. रीडची पट्टी लागताना एक-दोनदा उडते, तेवढं सगळं मिळून साधारण अर्धा ते एक मिलिसेकंद. तेवढ्यासाठी ५० मिलिसेकंद थांबायचं कारण नाही. आमच्याकडं गोकाकचा एक पोरगा होता, तो डिबाउन्सला 'स्वल्प तडी' म्हणायचा, थोडं थांब. स्वल्पच थांबायचं. जास्तीत जास्त वेगाला एका पल्सला किती वेळ लागतो तो काढ आणि त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आत ठेव. तुझ्या दोन मॅग्नेटना १५०० ला २० मिलिसेकंदांनी पल्स येईल, ३ ते ५ मिलिसेकंद भरपूर झाले. दुसरं, एका सेकंदातल्या पल्स मोजून ६० नं गुणू नको. एका फेऱ्याला एक पल्स असली तर आकडा ६० च्या उड्या मारतो, १३८०, १४४०, १५००, मध्ये काही नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं मोटर झटके खातेय. दोन पल्समधला वेळ मायक्रोसेकंदात घे आणि त्यावरून आरपीएम काढ. मंद फिरणाऱ्या रोलरला तर हाच एक रस्ता, मिनिटाला १० फेरे असले तर सहा सेकंदांनी एक पल्स येणार, तिथं मोजून काय मोजणार.

एवढं सगळं सांगून आता खरी गोष्ट सांगतो: मोटरच्या शाफ्टवर कायमचा रीड लावूच नको. हिशोब कर. १४४० म्हणजे सेकंदाला २४ वेळा, तासाला ८६,४०० वेळा, हंगामात दिवसाला १० तास चरक चालला तर रोज ८ लाख ६४ हजार वेळा ती पट्टी आपटणार. हलक्या लोडवर चांगला रीड १० कोटी वेळा चालला तर ११६ दिवस. तुझी दोन टिकांची मांडणी असती तर ५८. रीड १०० कोटीपर्यंत पण जातात, पण बाजारातल्या सुट्या काचेवर तसं कुठं लिहिलेलं नसतं. तिथं हॉल सेन्सर (मॅग्नेट ओळखणारी चिप) लाव, ३१४४ नंबरचा तीन पायांचा मिळतो, त्यात हलणारं काहीच नाही. तो ४.५ व्होल्टच्या खाली चालत नाही म्हणून सप्लाय ५ व्होल्टचा दे आणि आउटपुटचा पुलअप (वायरला वर ओढून धरणारा रेझिस्टर) ३.३ ला बांध, नाहीतर ईएसपीचा पाय जाईल. त्याला दक्षिण ध्रुवच लागतो, छापलेल्या तोंडासमोर, उत्तर आला तर ढिम्म. रीडला ध्रुवाचं काही देणंघेणं नसतं. मग रीड कुठं? जिथं सावकाश फिरतं, जिथं बॅटरी आहे, जिथं दोनच वायर आहेत, तिथं. चरकाचा रोलर, पाण्याचा मीटर, वारा मोजायचे कप, पाऊस मोजायची कलणारी वाटी. सायकलच्या चाकाला पण, ३६ किलोमीटर वेगानं गेलास तरी सेकंदाला पाचच्या आत.

आता पाण्याचा मीटर. पंप बंद असताना आकडा वाढण्याची दोन कारणं असतात आणि दोन्ही ओळखायची एकच युक्ती आहे. रात्री मीटरपाशी जा, रीडची वायर तिथं सोडव, केबल तशीच उघडी ठेव. सकाळी तरीपण आकडा वाढलेला असला तर रोग केबलमध्ये आहे. बोअरपासून घरापर्यंत तुझी ६० मीटर वायर मोटरच्या केबलला बांधून आलीय असं तू लिहिलंयस, आणि आतला पुलअप फक्त ईएसपीचा, तो चाळीसेक किलोओमचा, एकदम अशक्त. शेजारच्या कुणाचा तरी स्टार्टर पडला की तुझ्याकडं दहा लिटर. बाहेरून ४.७ किलोओमचा पुलअप दे, कंट्रोलरच्या बाजूला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, शील्डची दोन तारांची वायर, आणि मोटरच्या केबलपासून हातभर लांब. रीडच्या थेट दोन टोकांवर कपॅसिटर ठोकू नको मात्र, तो रिकामा होताना सगळा करंट त्या बारीक टोकातून जातो. लांब केबल पण कपॅसिटरच असते, म्हणून रीडला लागून १०० ओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाक. २४ व्होल्टवर पीएलसीला (कारखान्यातल्या कंट्रोलरला) जोडणाऱ्यांनी तर टाकाच.

वायर सोडवल्यावर आकडा थांबला तर मग रोग मीटरमध्ये. थ्री फेज गेली की पंप थांबतो, पाइपातलं पाणी मागं येतं, फूट व्हॉल्व्ह नाहीतर एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळत असला तर रात्रभर थोडं थोडं येतच राहतं. काटा उलटा फिरतो पण रीडला उलटं-सुलटं कळत नाही, तो टिक करतो. किंवा मॅग्नेट नेमका काठावर येऊन थांबलेला असतो, लागू की सुटू, आणि पाणी जरा डुचमळलं की लाग-सूट, लाग-सूट. याला कुठलाही डिबाउन्स पुरत नाही, कारण ह्या खऱ्याच टिका आहेत. दोन रीड लागतात, मॅग्नेटच्या वाटेवर थोड्या अंतरावर. पहिला लागला, मग दुसरा लागला तरच एक मोज. पहिल्यावरच कितीही नाचलं तरी दुसरा लागल्याशिवाय पुढचा आकडा नाही. आणि कुठला आधी कुठला नंतर यावरून पाणी पुढं चाललंय का मागं तेपण कळतं, त्यासाठी दोघांचं लागणं थोडं एकमेकांवर चढलं पाहिजे. काही मीटरमध्ये तीन वायरचा चेंजओव्हर रीड येतो, त्यात पण हीच युक्ती चालते, एक बाजू लागली की दुसरी लागेपर्यंत थांब. तुझा मीटर सीलबंद दोन वायरचा असला तर आत हात घालू नको, आधी एनआरव्ही बघ. पंप चालू असताना दोन इंचातून सेकंदाला २ लिटर जात असतील तर ५ सेकंदांनी एक पल्स येईल, ती एकसारखी येते का बघ, मग बाकीचं.

बॅटरीवर चालवायचं असलं तर अजून एक. मीटर कधी कधी रीड लागलेल्या जागीच थांबतो आणि आठ दिवस पंप चालत नाही. १० किलोओमच्या पुलअपमधून ३.३ व्होल्टला ०.३३ मिलिअँप सतत जातो, दिवसाला ८ मिलिअँप-तास, एवढ्यात बारकी बॅटरी महिन्या-दोन महिन्यांत झोपते. तिथं १ मेगओम लाव, पण मग केबल वीतभरच हवी.

रीड मारायचे प्रकार मी बरेच बघितलेत, स्वतःपण मारलेत. सगळ्यात जास्त मरतात ते पाय वाकवताना. काचेला लागून वाकवलं की जोडावर न दिसणारी चीर जाते, आज चालतो, पावसाळ्यात आत ओल जाते आणि मग मधेच लागतो मधेच नाही. काच आणि वाकवायची जागा यांच्या मध्ये नोज प्लायरनं पाय धर आणि प्लायरच्या पलीकडं वाकव. पाय फार कापू पण नको, ते पाय म्हणजे चुंबकीय रस्त्याचाच भाग, कापले की स्विच मठ्ठ होतो. वरून कडक एपॉक्सी ओतलास तर ती आवळताना काच फोडते, आधी सिलिकॉनचा मऊ थर दे.

दुसरा प्रकार टेस्ट लॅम्प. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात इलेक्ट्रिशियननं रीड चालतो का बघायला १०० वॅटचा बल्ब २३० वर त्याच्या सिरीजमध्ये लावला. बल्ब लागला, तो म्हणाला चालतोय की. चालणारच, टोकं वितळून चिकटली होती, थंड बल्ब पहिल्या झटक्याला चार-पाच अँप ओढतो आणि हा बिचारा साधारण १० वॅट, अर्ध्या अँपचा. असा चिकटलेला रीड ओळखायचा कसा तर काचेवर नखानं हलकी टिचकी मार, सुटला तर टोकं खराब झालीत, परत चिकटणार, फेकून दे.

आणि तिसरा आपल्या भागातला खास. फाउंड्रीत एका बेल्टच्या शाफ्टवर मॅग्नेट लावला होता, सकाळी आकडा बरोबर, दुपारनंतर गळायला लागायचा. तीन वेळा रीड बदलला. चौथ्यांदा मी झाकण काढून मॅग्नेटवर टॉर्च मारला तर त्याला ही मोठी दाढी, बिडाचा बारीक चुरा उभा राहिलेला, दोन ध्रुवांच्या मध्ये पूल बांधून बसलेला. क्षेत्र त्या चुऱ्यातूनच घरच्या घरी परत जात होतं, रीडपर्यंत येतच नव्हतं. नायलॉनची टोपी घातली, ध्रुवाच्या वर पाच मिलिमीटर जाडीची, दाढी ध्रुवापासून दूर राहिली आणि शिफ्ट बदलताना फडक्यानं पुसायची सवय लावली. तुझ्या गुऱ्हाळात चुरा नसेल पण चुलवाणाची धग आहे, साधे निओडायमियम मॅग्नेट ८० डिग्रीच्या पुढं कायमचे दुबळे होतात. काहिलीच्या बाजूला काही लावणार असलास तर काळा फेराइट घे, धगीला घाबरत नाही आणि रस-पाण्यात गंजत नाही.

पावसाच्या वाटीचं तू शेवटी ओझरतं विचारलंयस, त्यात रीडला काहीच त्रास नसतो. २०० मिलिमीटर तोंडाच्या मापकात ०.२ मिलिमीटर पाऊस म्हणजे ६.२८ मिलिलिटर पाणी, तेवढ्याला वाटी एकदा कलते. खानापूरच्या पलीकडं कणकुंबीकडं तासाला १२० मिलिमीटरनं कोसळला तरी सहा सेकंदांनी एक टिक. तिथं बिघडतं ते नरसाळं, पाला आणि मुंग्या.

तर आत्ता मोटरवर हॉल, रोलरवर रीड, असं कर. रिकामा चरक फिरताना मोटर १४८०-१४९० दाखवेल, दचकू नको, लोड नसताना एवढं असतंच, ५० हर्ट्झला चार पोलचा हिशोबी वेग १५०० आहे आणि १४४० हा पूर्ण लोडचा आकडा. मोळी घातली की तो खाली येईल. आणि दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर लिहून ठेव, मोटरचे किती फेरे आणि रोलरचा एक. रिकामं असताना आणि मोळी घातल्यावर ते सारखंच आलं पाहिजे. मोळी घातल्यावर रोलर गुणोत्तरापेक्षा जास्त मागं पडला तर पट्टा घसरालाय, तो आवळायला सांग, आणि वाइंडिंगवाल्याला चहा पाजून घरी पाठव.